फुग्यांच्या कारखान्यात चिनी

डहाणूजवळ सरावलीला फुग्यांचा एक छोटा कारखाना होता. दहावी झाल्यावर मी तिथे लागले ती केस पिकायला लागेपर्यंत राहिले. आम्ही सगळ्या बायकाच. साचे रबराच्या दुधात बुडवायचे, वाळले की फुग्याची कड बोटांनी वळायची, पावडर लावून फुगा ओढून काढायचा. काम कंटाळवाणं, पण कासा-तलासरीच्या पाड्यांवरून जीपमध्ये कोंबून येणाऱ्या आमच्यासारख्यांना बाराही महिने सावलीतलं काम दुसरीकडे कोण देणार होतं?

दोनेक वर्षांपूर्वी शेठ चीनला मशीन बघायला निघाले. शेठ गुजराती घरातले, मनानं चांगले, मराठी आमच्यापेक्षा गोड बोलायचे. पण चिनी भाषेपुढे त्यांचं काही चालेना. मोबाइलमधली शिकवणारी बाई एक म्हणायची आणि शेठ भलत्याच चालीत म्हणायचे. त्या भाषेत म्हणे आवाज चढला-उतरला की शब्दच बदलतो. ते टेबलाशी बसून "नी हाव, नी हाव" करत राहायचे, म्हणजे नमस्कार, आणि आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो.

शेवटी मलाच राहवेना. माझी आत्या धवलेरी, म्हणजे आमच्या वारल्यांत गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. ती ओळ उचलते, बाकीच्या मागून म्हणतात. अर्थ कळो न कळो, चाल सोडायची नाही. मी म्हटलं, "शेठ, असं एकट्यानं नाय यायचं. फोन आमच्यात ठेवा. मी उचलते, या मागून म्हणतील, तुम्ही यांच्यामागून म्हणा."

"तू मला शिकवणार?" शेठ म्हणाले, पण फोन दिला.

झालं, दुसऱ्या दिवसापासून फुगे ओढता ओढता आमची शाळा सुरू. "दुओ शाओ छ्येन" म्हणजे केवढ्याला. "थाय क्वै ल" म्हणजे फार महाग. हे म्हणताना सगळ्यांना कासाचा बाजार आठवायचा आणि आवाज आपोआप चढायचा. "शिए शिए" म्हणजे आभार. घरात आम्ही एकमेकींचे कधी आभार मानत नाही, त्यामुळे ते म्हणायला उगाच लाज वाटायची. मला आवडायचं ते "मान ई-द्येन". जरा सावकाश. समोरचा भरभर बोलायला लागला की शेठनी त्याला हे म्हणायचं होतं. त्यात आवाज टेकडीवरून खाली सोडावा लागतो. शेठचा सपाटीलाच चालायचा. मी पुन्हा पुन्हा उचलायची, ते पुन्हा पुन्हा पाडायचे.

"मशीन आलं की ऑर्डरी वाढतील," ते म्हणायचे. "मग तुमच्या बहिणींनापण घेऊन या." खोटं बोलत नव्हते, त्यांनाही तसंच वाटत होतं. मी धाकट्या बहिणीला निरोपसुद्धा धाडला. शेठ निघाले त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी एका सुरात सगळे शब्द म्हणून दाखवले आणि त्यांच्या हातावर साखर ठेवली.

आता मी तलासरीला हायवेवर चहाची टपरी चालवते. आम्ही शिकवलं नसतं तरी मशीन आलंच असतं, एवढं मला कळतं. पण त्याच्या वाटेवर आम्ही गात गात उभ्या होतो याचं फार वाईट वाटतं. बहिणीला तर मी अजून नीट तोंड दाखवू शकत नाही.

शेठ चीनहून परतले, मागून मशीन आलं, सोबत ते बसवून द्यायला एक चिनी फिटर आला. आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून रांगेत उभ्या राहिलो आणि एकदम "नी हाव" म्हटलं. त्याच्या हातातला पाना खाली पडला, इतका तो हसला. शेठनी नारळ फोडला. बटण दाबलं. साचे आपसूक दुधात बुडाले, आपसूक वाळले, कड वळली गेली, फुगे सुटून पट्ट्यावर पडायला लागले. आमच्यासाठी राहिलं होतं फक्त टोकाला उभं राहून फाटके फुगे वेचणं. त्याला दोघी पुरणार होत्या. बाकीच्या भिंतीशी उभ्या राहिल्या.

त्या दिवशी त्या दोघींत मी होते. फुगे असे धडाधड येत होते की हात पुरेनात. माझ्या तोंडून निघून गेलं, "मान ई-द्येन!"

फिटरनं चमकून वळून पाहिलं. हसला, मान हलवली आणि एक चक्री फिरवली. मशीन सावकाश झालं. माझे हात पुरायला लागले. भिंतीशी उभ्या असलेल्या बायका पुढे सरकल्या, त्यांनीही हात घातले. थोडा वेळ सगळ्यांना पुरेल एवढं काम होतं. चीनचा माणूस माझं ऐकतो, या आनंदात मला दुसरं काही सुचलं नाही.

"काय बोललीस त्याला?" शेठनी तिकडून विचारलं. ते सगळं विसरून गेले होते.

"सावकाश म्हटलं, शेठ."

शेठ कौतुकानं हसले. मग फिटरकडे बघून त्यांनी बोट हवेत गरगर फिरवलं, जोरात, अजून जोरात. त्यासाठी चिनी यावी लागत नाही.