पायाळू बायकोचा नवरा

माझी बायको पायाळू. म्हणजे जन्मताना तिचं डोकं नव्हे, पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे अशा माणसाच्या लाथेला डॉक्टरच्या सुईपेक्षा जास्त मान. कंबरेत उसण भरली की लोक पायाळूच्या दारात येतात, पालथे पडतात, कंबरेवर हलकी लाथ खातात आणि चहा पिऊन ताठ चालत जातात. त्यामुळे रोज सकाळी आमच्या अंगणात ऊसतोडीहून परतलेल्या बायांपासून कडक इस्त्रीच्या पुढाऱ्यांपर्यंत सगळे एका रांगेत पालथे.

आणि आत बाजेवर मी. सकाळी माझी कंबर म्हणजे गंजलेली बिजागरी. "मला बी एक दे की," म्हटलं तर बायको कानांवर हात ठेवायची.

"नवऱ्याला लाथ मारू? काय बी बोलता! ह्ये पाप फेडायला सात जल्म पुरायचे न्हाईत."

काखेत कळसा नि गावाला वळसा, तसा मी केजच्या डॉक्टरकडे गेलो. जीपने जाताना उरलीसुरली कंबरही गेली. डॉक्टर म्हणाले, "बाजेला झोळ पडला असेल. रात्रभर कंबर वाकलेली राहते, सकाळी आखडते. सपाट जागेवर झोपा. झटक्यात उठू नका, आधी कुशीवर वळा."

सोपं होतं. मी खाली सतरंजी टाकून झोपलो. सकाळी आईने ते पाहिलं आणि नवरा-बायकोचं बिनसलं असं ठरवून सासरी फोनही लावला. दुपारी तेलगावहून सासरे भावकीतली दोन माणसं घेऊन समजूत घालायला हजर! मी कंबरेचं सांगतोय, ते "भांड्याला भांडं लागतंच, जावईबापू" म्हणतायत. मला सगळ्यांसमक्ष पुन्हा त्याच बाजेवर बसवलं, तेव्हाच ते चहाला तयार झाले.

माझं डोकं फिरलं. पुढच्या रविवारी मी तोंडावर उपरणं ओढलं आणि सरळ रांगेत जाऊन पालथा पडलो. शेजारच्या म्हाताऱ्याने तरीही ओळखलं. "का रं, घरच्याला बी रांगच हाय व्हय?" तो कुजबुजला.

बायको एकेकाला लाथ देत आली आणि माझ्यापाशी थांबली. माझी पाठ तिला कळणार नाही, असं मला का वाटलं कोण जाणे.

"ह्ये पावनं कुठलं?" तिने विचारलं.

"धर्मापुरीचं," म्हाताऱ्याने ठोकून दिलं.

मग कंबरेवर तिचा पाय टेकला, इतका हळू की लाथ म्हणायचीही लाज वाटावी. पाठोपाठ ती वाकली आणि तिने माझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं.

म्हातारा ताडकन उठून बसला. "आमच्या पाया न्हाई पडलीस ते? म्हंजे आमाला अर्धाच इलाज?" झालं, रांगेत गलका उठला. शेवटी बिचारीला सगळ्यांच्या पाया पडावं लागलं. पुढाऱ्यांनी तर आशीर्वादही दिला.

त्या दिवशी तिने कडक उपास धरला. पाणीसुद्धा घेतलं नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती बाजेजवळ आली. ओठ सुकले होते.

"उसण गेली का हो?"

कंबर आदल्या दिवसापेक्षा जास्त ठणकत होती.

"गेली," मी म्हणालो, आणि तिच्या देखत ताठ चालत न्हाणीपर्यंत गेलो.