आमच्या ह्यांचा इनास

इनास दर पंधरवड्याला रविवारी चर्चमधून परस्पर आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात यायचा आणि माझ्या नवऱ्याचे केस कापायचा. तो न्हावी नव्हता. कसालला हायवेच्या कडेला त्याचं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पण शाळेत असल्यापासून ह्यांच्या डोक्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता, आणि मी लग्न होऊन ह्या घरात आले म्हणून त्यात काही बदल करावा असं दोघांनाही वाटलं नाही.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असंच. लग्नानंतरचा पहिला रविवार, माझ्या हातातला हिरवा चुडा अजून टोचत होता. हे उघड्या अंगाने स्टुलावर बसलेले, आणि मागे बाह्या दुमडलेला एक उंच, सावळा माणूस कात्री घेऊन उभा. त्याने दोन बोटांनी ह्यांची हनुवटी धरली आणि डोकं डावीकडे वळवलं. हे निमूट वळले. माझ्या नवऱ्याला असं सहज वळवता येतं हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मी पुष्कळदा प्रयत्न केला, मला काही ते साधलं नाही.

केस कापून झाले की मी चहा न्यायची. त्यावर त्याचं ठरलेलं वाक्य, "वैनी, माका चाय नको. अर्दी चलात." मग मी आणलेला त्याचा कप तसाच राहायचा आणि ह्यांच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून तो प्यायचा. सुरुवातीला मला वाटलं, ख्रिस्ती माणूस, हिंदूच्या घरी संकोच वाटत असेल. पण संकोच वगैरे काही नव्हता. माझ्या चुलीपाशी येऊन तो कालवणाचं झाकण उघडून बघायचा आणि "वैनी, ह्यात तिरफळां कमी पडली" असं तोंडावर सांगायचा. वर ती खरोखरच कमी असायची, ह्याचा मला जास्त राग यायचा.

आमचे हे म्हणजे दत्ताराम. ओरोसला सरकारी कचेरीत कारकून, शांत, मोजकं बोलणारे. माझ्याशी कधी वाईट वागले असं मी म्हटलं तर माझ्या जिभेला हाड नाही म्हणावं लागेल. दोन मुलं झाली. रात्रीचा संसारही त्यांनी कधी चुकवला नाही. लाइटचं बिल मुदतीत भरावं तसा तो वेळच्या वेळी झाला. पण खळखळून हसायचे ते फक्त रविवारी. मी स्वयंपाकघरात खोबरं किसत ते हसणं ऐकायची आणि मनात म्हणायची, एवढा काय विनोद सांगतो हा मेला? बाहेर जाऊन ऐकावं तर गोष्ट साधीच असायची. कोणीतरी गिऱ्हाईक चुकीचा प्लग घेऊन गेलं, एवढंच.

इनासलाही बायको होती. जुलियाना तिचं नाव, मूळची गोव्याची, गोल चेहऱ्याची, सावकाश बोलणारी. त्यांचा एकुलता एक मुलगा आखातात नोकरीला. आमची दोन्ही घरं सणासुदीला एकत्र जेवायची. नाताळात त्यांच्याकडची नेवऱ्यांची डबी आमच्याकडे, चतुर्थीला आमचे मोदक त्यांच्याकडे. गावात कोणी बोट ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं. उलट लोक म्हणायचे, मैत्री असावी तर अशी.

आमची काजू-आंब्याची बाग डोंगराच्या उतारावर आहे. फळ धरलं की राखणीला जावं लागतं. त्यासाठी बागेत चिऱ्याची एक खोली बांधलेली, आमच्याकडे तिला मांगर म्हणतात. हंगामात सुट्टीच्या दिवशी हे आणि इनास तिथे राहायचे. एका शनिवारी ह्यांच्या कचेरीला सुट्टी होती आणि माझी शाळा लवकर सुटली. मी प्राथमिक शाळेत शिकवते. म्हटलं, गरम जेवण नेऊन द्यावं. भर दुपारी घामाघूम होऊन मी मांगराच्या दाराशी पोचले आणि दार लोटलं.

दोघे एका चटईवर होते, नवरा-बायको असतात तसे. ह्यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. त्यांनी मला पाहिलं नाही. मी डबा बाहेरच्या दगडी गडग्यावर ठेवला आणि उतरून आले. वाटेत मला रडू आलं नाही. मला फक्त एक गोष्ट डोळ्यांसमोर दिसत राहिली: ह्यांचा हात इनासच्या केसांत होता. माझ्या केसांतून ह्यांनी कधी हात फिरवला नव्हता. बाकीचं एक वेळ मी गिळलं असतं, पण तो हात मला गिळता आला नाही.

दुसऱ्या दिवशी हे जेवायला बसले तेव्हा मी सरळ विचारलं, "काल मी मांगराकडे इल्लंय. डबो मेळलो मां?"

हे घास घेता घेता थांबले. म्हणाले, "मेळलो."

"मगे काय तां?"

"तसा काय नाय तां."

"माझ्या डोळ्यांनी बघलंय मी."

ह्यांनी ताटाकडे बघतच सांगितलं, "सुलभा, मी तसलो नाय. माझा लगीन झालाला आसा, माका पोरां आसत. तसले वेगळे असतत."

"मगे तुमी कसले?"

"मी सादो माणूस."

हे खोटं बोलत असते तर मी त्यांना पकडलं असतं, भांडले असते, माहेरी निघून गेले असते. पण हे खरं बोलत होते. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. इनासचंही तेच. पुढे काही वर्षांनी टीव्हीवर बातमी आली की कोर्टाने तसल्या माणसांवरचा गुन्हा काढून टाकला. रंगीत झेंडे घेऊन मुंबईत तरुण मुलं-मुली नाचत होती. हे दोघे आमच्या सोप्यावर शेजारी शेजारी, मांडीला मांडी लावून बसलेले. इनास मान हलवून म्हणाला, "ही सगळी म्हमयची थेरां. आमच्याकडे असला काय नाय." हे म्हणाले, "नाय तर काय." मी आत विळीवर होते. माझं बोट कापायचं थोडक्यात राहिलं.

बाई असती तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. अशा बाईसाठी आमच्याकडे शब्द आहेत, शिव्या आहेत, भर बाजारात झिंज्या धरायची सोय आहे. इथे मी कोणाच्या झिंज्या धरणार? मी एकदा जुलियानाला मासळीबाजारात गाठून आडून आडून विचारलं, "इनासभाऊ सारखे आमच्याकडे असतत, तुका काय वाटणा नाय?" ती बांगडे निवडत होती. म्हणाली, "माझो घोव बायलांच्या फाटी लागणा नाय गो. तां पुरो माका." आणि कल्ले उघडून बांगडा ताजा आहे का बघायला लागली. तिच्या त्या शांतपणाचाही मला हेवा वाटला. हेवा करायला माझ्याकडे त्या दिवसांत माणसं बरीच होती.

शेवटी मी देवळात कौल लावायला गेले. आमच्या ग्रामदेवतेच्या पाषाणावर गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण त्याआधी विचारायची गोष्ट गुरवाने सगळ्यांदेखत मोठ्याने बोलावी लागते. गुरव म्हणाला, "बाई, काय विचारूचा तां सांगा." देवळात आणखी चार माणसं आपापल्या म्हशी आणि सोयरिकी घेऊन बसलेली. मी काय सांगणार? माझ्याकडे त्या गोष्टीला नाव नव्हतं, आणि असतं तरी ते तिथे उच्चारता आलं नसतं. मी म्हटलं, "घरात भायरची बाधा आसा काय, तेवढा विचारा."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या घरात भायरची कसली बाधा आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा." चार माणसं म्हणाली, "होय म्हाराजा." उजवी पाकळी टपकन पडली. त्यावर उपाय निघाला तो असा: घरधन्यावरून नारळ उतरवायचा आणि गावाच्या शिवेबाहेर टाकायचा. टाकणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. आणि टाकणारा भावकीतला नको, बाहेरचा हवा.

घरी येऊन मी सांगितलं. देवाचं काम म्हटल्यावर ह्यांनी फाटे फोडले नाहीत. उलट चेहरा खुलला. म्हणाले, "भायरचो माणूस व्हयो ना? इनास आसा मां." तो नको म्हणायचं तर का नको तेही सांगावं लागलं असतं.

तर अशा रीतीने इनासची बाधा काढायला इनासच आला. आधी त्याने छातीवर क्रूस केला, मग नारळ हातात घेऊन ह्यांच्यावरून ओवाळला. हे डोळे मिटून हात जोडून उभे होते. इनासने माझ्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

"वैनी, बाधा कसली ती सांगलात काय देवाक?"

इनासची एक म्हण होती, कुठेही कोणाची उणीदुणी निघाली की तो म्हणायचा, "देवाक सगळा दिसता, पण तो गजाली करीत फिरणा नाय." मी त्याची अर्धी म्हण त्याच्याच अंगावर टाकली. म्हटलं, "देवाक सगळा दिसता."

त्याने मान हलवली आणि नारळ घेऊन चालू लागला. मागे वळून बघायचं नाही हा नियम त्याने आमच्या कोणाहीपेक्षा कडक पाळला. त्या दिवसानंतर तो यायचा थांबला.

मी जिंकले होते. पहिले दोन-तीन रविवार मी कोंबडी केली. हे जेवायचे, बरं झालंय म्हणायचे, आणि खळ्याकडे तोंड करून बसायचे. केस वाढून कॉलरवर आले. कसालच्या सलूनमध्ये जा म्हटलं तर हो म्हणायचे आणि जायचे नाहीत. शेवटी मीच कात्री घेतली. ह्यांनी डोकं पुढे केलं, मी वळवीन तसे वळले, आणि शाळेतल्या पोराची नखं कापावीत तसे मी नवऱ्याचे केस कापले. इतक्या वर्षांनी माझ्या हाताला ते डोकं लागलं आणि त्यात मला काहीच सुख झालं नाही. मान दगडासारखी ताठ होती.

पुढच्या आठवड्यात मी शाळा सुटल्यावर कसालला उतरले आणि इनासच्या दुकानात गेले. तो नटबोल्ट वेगळे करत बसला होता. मी म्हटलं, "रविवारी येवा."

"वैनी, नारळ टाकून झालो."

"इनासभाऊ, तुमी येत नाय तेवा ते सगळो दिस तुमच्याकडेच आसतत. तुमी येवन गेलात काय निदान सांजेक तरी माझ्याकडे परत येतत."

हे मी मोठ्या मनाने म्हटलं नव्हतं. मी हिशेबी बाई आहे. सगळं जाण्यापेक्षा अर्धं राहिलेलं बरं, एवढंच माझं म्हणणं होतं. इनासने हातातला नट डब्यात टाकला. मग समोरच्या टपरीवरून त्याने एक चहा मागवला, अर्धा बशीत ओतला, आणि कप माझ्यापुढे सरकवला. मी तो चहा प्यायले. इतकी वर्षं हे पीत होते तो अर्धा चहा कसा लागतो ते मला बघायचंच होतं. चांगला होता, साखर जरा जास्त.

रविवारी तो आला. पुन्हा हसणं सुरू झालं, पुन्हा मी आत जळू लागले. घर पूर्ववत झालं म्हणा ना.

गेल्या वर्षी इनास गेला. दुकानातच छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर काळ्या कपड्यातली जुलियाना, आखातातून धावत आलेला मुलगा, गोव्याचे सोयरेधायरे. लोक त्यांच्याजवळ जाऊन हात हातात घेत होते. आमचे हे सगळ्यात मागे, दाराशी, दुकानाच्या गिऱ्हाइकांत उभे होते. त्यांच्याकडे कोणीच गेलं नाही. का जाईल? मित्र होता, मित्र जातात.

सिमेतरीत, म्हणजे त्यांच्या दफनभूमीत, प्रत्येकाने पेटीवर मूठभर माती टाकायची असते. रांग पुढे सरकत होती. ह्यांची पाळी आली. ह्यांनी माती उचलली, आणि मूठ काही उघडेना. मागची माणसं ताटकळली. पाद्री बघू लागले. एक म्हातारा म्हणाला, "सोड रे बाबा, सोड." मी बायकांतून पुढे गेले आणि ह्यांची बोटं एकेक करून उघडली. माती खाली पडली. मग मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. घरी येऊन हे रडले ते असे रडले की मी दार लावून घेतलं. त्यांच्या आईच्या वेळीसुद्धा हे असे रडले नव्हते. मी पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि बाजूला बसले, आणि खरं सांगते, मला त्या मेलेल्या माणसाचा इतका मत्सर वाटला की तो जिवंत होता तेव्हाही तितका वाटला नसेल.

आठवड्याने मी जुलियानाकडे गेले. पाहुणे पांगले होते. ती पडवीत एकटी बसली होती, हातात काही काम नाही. तिने विचारलं, "तुझो घोव कसो आसा?"

"रडता. रोज रडता."

"रडांदी. माका रडू येणा नाय गो. माझ्या वांट्याचा पण तोच रडता."

अंगणातल्या माडाखाली इनासची स्कूटर उभी होती, कोणी आत घेतली नव्हती. मनात आठवडाभर घोळत होतं ते माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, "जुलियाना, मी मेलंय तर माझ्यासाठी असा कोण रडतला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. विचारात पडावं असं काही मी विचारलंय असं तिला वाटलेलं दिसलं नाही.

"मी रडतलय," ती म्हणाली. "माझा सगळा रडणा शिल्लक आसा."