महिपतला डमी मिळेना

पालीच्या अलीकडच्या आमच्या वाडीत महिपत गोताडला सगळे ‘डमी’ म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून आणखी एकाचा अर्ज भरून ठेवतात, तो डमी. नव्याण्णव साली विधानसभेला, दोन हजार दोनला जिल्हा परिषदेला, चारला पुन्हा विधानसभेला, पक्षाचे कायमचे उमेदवार असलेल्या अण्णांच्या मागे अर्ज महिपतचाच. अण्णांचा मंजूर झाला की हा कडक इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत जायचा, माघारीची सही ठोकायचा आणि जिंकून आल्याच्या थाटात वाडीत शिरायचा.

दोन हजार सातला मात्र नवल झालं. शहात्तरीचे अण्णा म्हणाले, जिल्हा परिषदेला या वेळी तू. महिपतचे पाय चार दिवस जमिनीला लागले नाहीत. मग पंचाईत झाली. आता त्यालाच डमी हवा होता. एखादा तरुण बघ, अण्णा म्हणाले.

तो बघायला निघाला तेव्हा कळलं, पक्षात चाळिशीच्या आतलं कुणी उरलंच नव्हतं. चहावाल्या अस्लमचा फैझान मागे आपणहून आला होता. बोलायला तरबेज, वाडीवाडीत ओळख. त्याला महिपतनेच सांगितलं होतं, आधी माझा नंबर लागू दे. दोन वर्षं झेंडे बांधून फैझान दोहाला गेला. तसेच आणखी तिघे-चौघे पांगले. आता महिपतने अस्लमकडे बसून आडून आडून विचारलं, पोरगा सुट्टीवर कधी येतोय. अस्लम ग्लास विसळत म्हणाला, “महिपतशेठ, तुमचा नंबर लागेस्तोवर त्याला दोन पोरं झाली.”

शेवटी डमी म्हणून अण्णांनीच अर्ज भरला. नावापुरता, म्हणाले. महिपतच्या बायकोला, सावित्रीला, ते पटलं नाही. माघारीच्या दिवशी शर्ट हातात देताना ती एवढंच बोलली, “आज काय पण झालं तरी सही करू नका.”

दोन्ही अर्ज मंजूर होते. दोघांतला जो राहील तो पक्षाचा. मुदत तीनची. अडीचला अण्णा माणसांच्या गराड्यात कचेरीत आले, बाकावर बसले आणि पंख्याकडे बघत राहिले. माघार त्यांनी घ्यायची होती. पण कारकुनाने मान वर न करता, सवयीने, माघारीचा कागद महिपतपुढे सरकवला. कुणी हसलं नाही, कुणी चूकही दाखवली नाही. महिपतने मागे पाहिलं. दारात उभी असलेली माणसं एकूण एक अण्णांची, बहुतेक साठीच्या पुढची. त्याचा म्हणावा असा एकही नव्हता. कागद नुसता अण्णांकडे सरकवायचा होता. पावणेतीन झाले. तीनला दहा कमी.

त्याने सही केली.

बाहेर अण्णांच्या नावाच्या घोषणा सुरू झाल्या. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“वय काय रे तुझं?”

“पंचेचाळीस, अण्णा.”

“म्हणजे पोरच की. पुढच्या खेपेला बघू.”

कचेरीच्या पायऱ्या अण्णांना उतरवत नव्हत्या. महिपतने खांदा पुढे केला.