वाद झाला? बॉल काढा!

आमच्या ऑफिसातल्या हेमंतच्या घरी कधीही जा, चहाबरोबर एक किस्सा फुकट मिळतो. पूर्वी मी ऐकायचो आणि विसरून जायचो. आता इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच घुसतो. म्हणून आज बसून सगळे सांगतो. मध्ये कोणी आपल्या पोराच्या मार्कांचा विषय काढायचा नाही!

घर नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये. हेमंत कॉलेजच्या टीममधून बास्केटबॉल खेळलेला, वैशालीवहिनी तर थेट महाराष्ट्राकडून. दोघांनाही शिकवलं हेमंतच्या वडिलांनी. ते अण्णा, सांगलीला शाळेत पीटीचे सर होते. आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून पाहणारी लेक रेवा, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. आपल्याकडे चांगल्या मुलीला स्थळं येतात, तशी हिला अमेरिकेतली कॉलेजं सांगून येत होती.

* * *

मी पहिल्यांदा गेलो ती रविवारची सकाळ होती. पोटात कावळे ओरडत होते. हेमंत म्हणाला पोहे, वहिनी म्हणाल्या उपमा. पुढच्या मिनिटाला दोघंही बॉल घेऊन घराबाहेर!

अण्णांचा नियमच तसा. घरात वाद झाला की फ्री थ्रो, म्हणजे रेषेवर उभं राहून रिंगमध्ये बॉल टाकायचा. आळीपाळीने टाकायचे. एकाचा चुकला आणि दुसऱ्याचा पडला की निकाल लागला. त्यानंतर कोणी तोंड उघडायचं नाही.

घरामागे कालव्याच्या कडेला सार्वजनिक कोर्ट आहे. वारा असला की माणूस तिरका उभा राहतो. वहिनी बॉल हातात धरून शांत उभ्या राहायच्या, वारा पडला की टाकायच्या. हेमंतला तेवढा दम नाही.

मला उपमा मिळाला. त्या घरात मी आजतागायत पोहे खाल्लेले नाहीत!

* * *

कोर्टाला लागून योका नावाच्या एका डच आजींची बाग आहे. एकदा हेमंतचा बॉल त्यांच्या गुलाबांत गेला. हेमंत कुंपणाशी उभा राहून सॉरी सॉरी करतोय आणि आजी बॉल घेऊन आल्या.

"सॉरी कशाला?" आजी म्हणाल्या. "तुझी मुलगी छान टाकते. बायको त्याहून छान टाकते. तू आलास की मी माझी कॉफी घेऊन आत जाते."

हेमंत मला म्हणतो, "इथली माणसं फार सरळ बोलतात रे."

मी म्हटलं, "त्यात काय, मी पुण्यात वाढलोय!"

* * *

इथे क्लबच्या मुलींना बाहेरगावच्या मॅचला पालकांनीच पाळीपाळीने गाडीतून न्यायचं असतं. मला मूलबाळ नाही, पण गाडी मोठी. झालं! लागलो कामाला.

गाडी निघाली की रेवा सांगलीला व्हिडिओ कॉल लावणार आणि अण्णा डॅशबोर्डवरून ओरडणार, "हात वर! डिफेन्सला हात वर!" मागे बसलेल्या डच पोरींना मराठी ओ की ठो येत नाही, पण एवढं पाठ झालं. मॅचमध्ये त्यासुद्धा एकमेकींवर ओरडायच्या, "हात वर!"

मग अण्णा उन्हाळ्यात इकडे आले. सगळी टीम स्खिपोल विमानतळावर हजर. अण्णा ट्रॉली ढकलत दारातून बाहेर आले, पोरींची रांग बघितली आणि जुन्या सवयीने कडाडले, "हात वर!"

सगळ्या पोरींनी खाडकन हात वर केले. पलीकडून बंदूकवाले दोन पोलीस आमच्याकडे बघायला लागले. घाबरून माझेही हात वर गेले!

* * *

त्याच सुमाराला अमेरिकेतून एक कोच प्रत्यक्ष घरी आला. दाराएवढा माणूस. बूट काढून बसला, दोनदा श्रीखंड मागून घेतलं आणि रेवाला स्टार करण्याच्या गप्पा मारल्या.

वहिनींचा प्रत्येक कोचला एकच प्रश्न असायचा, "आणि गुडघा गेला तर?"

"आमच्याकडे बेस्ट डॉक्टर्स आहेत, मॅडम!"

वहिनी वाट्या उचलायला लागल्या. अण्णांनी मात्र पाहुण्याला कोर्टावर नेलं आणि हातात बॉल दिला. वारा भरात होता. साहेबांचा बॉल रिंगला सोडा, बोर्डालाही लागला नाही!

अण्णा मला म्हणाले, "नितीन, याला विमानतळावर सोडून ये."

* * *

वहिनींच्या त्या प्रश्नामागचं कारण सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा स्वतःचा गुडघा ऐन भरात असताना गेला होता. "तोपर्यंत फोन वाजायचा थांबत नव्हता," त्या एकदा मला म्हणाल्या, "नंतर एकाने विचारलं नाही, बाई जिवंत आहेस का." रेवाने इथेच राहून शिकावं, हौसेपुरतं खेळावं, एवढंच त्यांचं म्हणणं. रेवाला तर अमेरिका सोडून काही दिसत नव्हतं.

एकदा मी गेलो तर वहिनी लॅपटॉपसमोर खुर्चीवर पाय ठेवून, सलवार गुडघ्यापर्यंत वर करून उभ्या! स्क्रीनवरही एक उघडा गुडघा. पलीकडे अमेरिकेतल्या दुसऱ्या एका कॉलेजच्या कोचबाई, त्यांचंही तेच ऑपरेशन झालेलं. दोघी आपापल्या टाक्यांचे व्रण दाखवत होत्या.

त्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, "खेळता आलं नाही तरी तिचं शिक्षण मी पूर्ण करून घेईन."

कॉल संपला. रेवा उड्या मारतेय आणि वहिनी म्हणाल्या, "बाई सोन्यासारखी आहे. तरी नाही."

"आई, दॅट्स नॉट फेअर!"

"नाही म्हणजे नाही!"

रेवा आत गेली आणि बॉल घेऊन आली.

* * *

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. योकाआजी कॉफी घेऊन बागेत येऊन बसल्या. हेमंत नखं खात होता. अण्णा म्हणाले, "एक माझी सून, एक माझी नात. मी तोंड उघडणार नाही."

वहिनींनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि सुरुवात केली. आईचा पडला, लेकीचा पडला. परत आईचा, परत लेकीचा. दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नव्हत्या. सावल्या लांब झाल्या तरी कोणी चुकेना.

आणि मग वहिनींचा बॉल रिंगवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला.

रेवाने ओठ चावला. टाकला. पडला!

कोणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, आईचं काळीज आहे, दुसरं काय! माझे डोळे भरून आले. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "वहिनी, मुद्दाम चुकवलात ना?"

वहिनी अशा भडकल्या! "मुद्दाम? भावोजी, जन्मात एक फ्री थ्रो मी मुद्दाम चुकवलेला नाही! जीव तोडून टाकला होता. मला जाऊ द्यायचं नव्हतं तिला!"

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते तसंच वाहू देत त्या रेवाकडे वळल्या.

"शेवटच्या थ्रोला कोपर बाहेर गेलं तुझं. पडला म्हणून खूश होऊ नकोस. चल, उभी राहा इथे. जायच्या आधी सुधारलं पाहिजे ते."