निरीक्षकाची खुर्ची

कामगार कायद्यांना माझ्या व्याह्यांइतका भिणारा आणि त्यांच्यावर तितकाच जीव टाकणारा मालक उपनगरांत दुसरा नसावा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा रबरी वॉशर बनवण्याचा लहान कारखाना आहे. कामगार अकरा. दर सोमवारी यंत्रे सुरू होण्यापूर्वी व्याही या अकरा जणांना उभे करून नुकताच बदललेला नियम वाचून दाखवतात. फोरमन सावंत हाताची घडी घालून शेवटपर्यंत ऐकतो आणि विचारतो, "शेट, गेल्या सोमवारी वाचलात तो नियम अजून आसा, काय गेलो?" व्याही गंभीरपणे उत्तर देतात, "आहे, सावंत. फक्त त्याचा क्रमांक बदलला."

माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडत असताना वरपिता सापडेना. ते पंगतीच्या मांडवात वाढप्यांना साप्ताहिक सुट्टीचा वार विचारत होते. दुसऱ्या दिवशी त्यांतील दोघे पिशव्या घेऊन मरोळला कामाला हजर झाले. एक अजून तिथेच आहे.

नियमांचे गोषवारे कामगारांना दिसतील असे लावावेत, एवढे कोणे एके काळी एका निरीक्षकाने त्यांना सांगितले होते. तेव्हापासून कारखान्याच्या भिंती काचेच्या चौकटींनी भरत गेल्या. रद्द झालेल्या कायद्याची चौकटही ते उतरवीत नाहीत. "परत आणला तर?" असे विचारतात. दाराजवळ हातांची एक लाकडी खुर्ची आहे. ती निरीक्षकाची. रोज पुसली जाते, पण तिच्यावर कोणी बसायचे नाही. व्याही असूनही मला स्टूलच मिळे. शेवटचा निरीक्षक आला तेव्हा आमची नात जन्मली नव्हती. ती आता कॉलेजात जाते.

यंदा कळले की निरीक्षक येणारच नाही. आपण सर्व नियम पाळतो, असे मालकानेच लिहून द्यायचे. फाइल छातीशी धरून व्याही मुलुंडला माझ्या घरी आले. पाणीसुद्धा घेतले नाही.

"मीच पेपर लिहायचा आणि मीच तपासायचा?"

"सही करून टाका. सगळेच करतात."

"सगळे वाचत नाहीत, म्हणून करतात. मी वाचलंय, व्याही. तीनदा वाचलंय, आणि दर वेळी वेगळं वाटतं. शनिवारी मुदत संपते. खोटी सही करण्यापेक्षा मी कुलूप लावीन."

ते खरोखरच लावतील, हे मला ठाऊक होते. अकरा घरांचा प्रश्न होता. मी छत्तीस वर्षे शाळेत काढली, शेवटची बारा मुख्याध्यापक म्हणून, आणि कोणालाही पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. "मी तपासतो," मी म्हणालो.

शुक्रवारी लाल पेन घेऊन गेलो. व्याह्यांनी मला त्या खुर्चीत बसवले आणि स्वतः हात बांधून उभे राहिले. प्रथमोपचार पेटी, हातमोजे, हजेरीपट, पिण्याचे पाणी, बायकांसाठी वेगळी मोरी. दोन तास पाहिले. काही सापडले नाही. त्यांचा चेहरा मात्र उतरतच गेला. पैकीच्या पैकी गुणांवर त्यांचाही विश्वास नसावा. मग कामाच्या जागी पुरेसा उजेड व खेळती हवा असावी, या नियमाच्या चौकटीवर माझी नजर पडली. सर्वांत मोठी चौकट तीच.

"हिच्यामागे काय आहे?"

सावंत म्हणाला, "खिडकी, सर. ह्या पाटयेन गिळल्यान तिका."

चौकट उतरवली. यंत्रांवर ऊन पडले. बाहेर एक जांभळाचे झाड होते, ते कोणाच्याच लक्षात राहिले नव्हते. व्याह्यांनी कपाळ पुसले आणि म्हणाले, "म्हणजे एक तरी चूक सापडली." इतके निश्चिंत मी त्यांना पूर्वी पाहिले नव्हते. इतकी वर्षे कोरे राहिलेले निरीक्षकाचे शेरेबुक त्यांनी पुढे केले. मी लिहिले, 'एक त्रुटी आढळली. समक्ष दूर केली.' त्याखाली तारीख घातली. मग त्यांनी आपल्या कागदावर सही केली.

पुढच्याच सोमवारी त्या कागदाचा नमुनाच रद्द झाल्याचे कळले. नवा नमुना, नवे रकाने, नवी मुदत. दुपारी व्याह्यांचा फोन आला. आवाज थकलेला होता. "व्याही, याल ना? खुर्ची पुसून ठेवली आहे."

निवृत्तीनंतर माझ्यासाठी कोणी खुर्ची पुसून ठेवल्याचे मला आठवत नाही. मी लाल पेनात नवी रिफिल घातली.