उरलेल्या कापडाचे हातमोजे

टेलरमास्तरांची चिमी शिकायला उत्तरेकडच्या त्या देशात पोचली तेव्हा संध्याकाळी नऊलाही ऊन होतं. मास्तरांनी महिनाभर खपून शिवलेला लोकरी कोट बॅगेच्या तळाशी पडून राहिला. आतून फ्लॅनेलचं अस्तर, आणि पोरगी अंगाने भरली तर उसवता यावं म्हणून शिवणीत दोन बोटं कापड सोडलेलं. उरलेल्या कापडाचे हातमोजेही होते, कारण मास्तर चिंधी वाया घालवणाऱ्यातले नव्हते.

तिथे दिवस फिरायला वेळ लागत नाही. ऑक्टोबरात एका वादळात झाडं बोडकी झाली आणि नोव्हेंबरात दुपारी तीनला दिवे लागू लागले. चिमी अंधारात प्रयोगशाळेत शिरायची आणि अंधारातच बाहेर पडायची. माणसाला ऊन लागतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे ते सांगावं लागत नाही. सुट्टीच्या दिवशी ती अंथरुणातून उठेना. उगाच रडू यायचं.

कोटाने थंडीच्या पहिल्याच आठवड्यात हात टेकले. वारा शिवणींतून आत यायचा, आणि हातमोजे बर्फाने भिजले की लाकडासारखे कडक व्हायचे. शेवटी प्रयोगशाळेतल्या सोबतिणीने तिला दुकानात नेलं आणि एक फुगीर जॅकेट नि जाडजूड हातमोजे घ्यायला लावले.

पण हे आप्पांना सांगायचं कोणी? रविवारी व्हिडिओवर फोन आला की चिमी खोलीत, हीटरशेजारी, तोच कोट आणि तेच हातमोजे चढवून उभी राहायची.

"काय, भागतंय ना?"

"भागतंय म्हणजे काय, आप्पा! घाम येतो."

झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मास्तरांच्या तोंडात तर तीळ भिजत नसे. दुकानात माप द्यायला आलेल्या प्रत्येकाला, अगदी पायजम्याची नाडी ओवून घ्यायला आलेल्यालाही, चिमीच्या कोटाची कथा ऐकूनच सुटका मिळे.

डिसेंबरातला एक फोन दुकानातून आला. मास्तरांच्या गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. समोर पोस्टमनची मुलगी अर्धा शिवलेला कोट घालून हात पसरून उभी. तिलाही त्याच देशात, चिमीच्याही वर शंभर कोसांवर, प्रवेश मिळाला होता. जानेवारीत निघायचं होतं.

"ताई, काका म्हणतात एवढ्यावर भागतं. खरंच भागतं का? नाहीतर बाबा जाड जॅकेट आणायचं म्हणतायत."

मास्तरांनी टाचण्या काढल्या आणि फोनकडे पाहिलं. आई गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला चिमीने पाहिला नव्हता.

"भागतं गं," ती म्हणाली.

नंतर त्या मुलीला गुपचूप खरं कळवायचं, असं तिने मनाशी ठरवलं. नंबरही मिळवला. पण परीक्षा तोंडावर आली, आणि आज लिहू, उद्या लिहू करत ते राहून गेलं. खरं तर परीक्षा हे निमित्त. बापाचा शब्द खाली पडेल याची तिला लाज वाटत होती.

जानेवारीच्या शेवटी पोस्टमनची मुलगी मास्तरांनी शिवलेला कोट आणि हातमोजे घालून गावाबाहेरच्या थांब्यावर सव्वा तास बसची वाट पाहत उभी राहिली. बर्फामुळे बस रद्द झाल्याचं तिला कळलं नव्हतं. बोटं दुखायची थांबली तेव्हा तिला बरंच वाटलं. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी तिच्या उजव्या हाताची तीन बोटं मधल्या पेरापासून काढली.

ते कळलं त्या दिवशी रविवार नसताना मास्तरांचा फोन आला. मागे मशीन झाकून ठेवलेलं होतं.

"चिमे, हात दाखव."

"आप्पा, मी तुम्हाला सांगणार..."

"आधी हात दाखव. दोन्ही."

तिने दोन्ही पंजे फोनसमोर धरले. मास्तर पुढे झुकले. माप घेताना हलायचे तसे त्यांचे ओठ हलत होते. दहाही बोटं जागेवर होती. त्यांनी देवाचं नाव घेतलं, चष्मा काढला, डोळे पुसले.

मग चष्मा चढवून त्यांनी पुन्हा ते हात पाहिले. कातडीवर साधा ओरखडा नव्हता.

"म्हणजे माझे हातमोजे तू घातलेच नाहीस," ते म्हणाले. "त्या पोरीला मात्र घालू दिलेस."

चिमीला हात कुठे ठेवावेत ते कळेना.