अक्काचे होंगे

कलबुर्गीच्या आमच्या शाळेत मधली सुट्टी झाली आणि गावाहून, बिदरजवळच्या जनवाड्याहून, पुतण्याचा फोन आला. वत्सलाअक्का गेली. सकाळी करंजाच्या शेंगा अंगणात वाळत घातल्या, ओट्यावर टेकली, आणि तशीच... मी, खोटं कशाला सांगू, पहिलं हेच विचारलं की शेंगा कुणी गोळा केल्या का. आज दीड महिना झाला, तरी त्या प्रश्नाची मला लाज वाटत नाही. अक्कानेही तेच विचारलं असतं.

अक्का माझी चुलतबहीण, बारा वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, ती माहेरी परतली आणि वाटणीचं रान स्वतः करू लागली. शेताच्या वाटेवर करंजाची सात झाडं होती. कुणी लावली ठाऊक नाही, राखली तिने. फाल्गुनात शेंगा वेचायच्या, दगडाने फोडायच्या, बिया वाळवून बिदरच्या घाण्यावर न्यायच्या. पेंड तुरीच्या रानात, पाला धान्याच्या कणगीत, काडी दाताला, आणि वैशाखात झाडांखाली जांभळट फुलांचा सडा पडला की तोही झाडून वांग्याच्या वाफ्यात. तेल मात्र सगळ्यांचं. खरूज बैलाला होवो नाहीतर मला, बाटली एकच. ते लावून शाळेत गेलो की अख्खा बाक मला एकट्याला मिळायचा! मी कुरकुर केली की म्हणायची, किडाबी तुझ्यासारखाच नाक मुरडून पळतोय, म्हणून तर लावायचं. गावात कुणाच्याही गोठ्यातून हाक आली की बाटली घेऊन ही हजर. तिच्याएवढं उपयोगी माणूस मी पाहिलं नाही, आणि हे तिला कधी तोंडावर सांगितलं नाही.

करंजाला आम्ही करंज म्हणतो ते घरात. कचेरीत, दवाखान्यात कन्नड नाव चालतं... होंगे. काही वर्षांपूर्वी ती वाट रुंद करायची ठरलं आणि मोजणीवाला आला. उत्तरेकडचा माणूस, कन्नड नाही, मराठी नाही. मी सुट्टीत गेलेलो, शेजारीच उभा. त्याने हिंदीत विचारलं, ये कौनसे पेड़ हैं? सरकारी माणूस म्हणून अक्काने कन्नड नाव सांगितलं.

"होंगे."

त्याला वाटलं, बाई 'असतील कसलेतरी' म्हणतेय. त्याने पुन्हा विचारलं, अक्काने पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. असं तीनदा झालं आणि माझी हसून हसून मुरकुंडी वळली. अक्का माझ्याकडे वळली. "हसायलास कामून?" तोवर तो बिचारा उन्हाला कंटाळून कागदावर 'जंगली झाडं, नाव माहीत नाही' असं काहीतरी खरडून निघूनही गेला. मी त्याला थांबवलं नाही. इतका झकास किस्सा हाती लागला होता...

तो किस्सा मी शिक्षकांच्या खोलीत वर्षभर रंगवला. मग एक दिवस पुतण्याने कळवलं, सातही बुंध्यांवर पांढऱ्या फुल्या मारल्यात. बिनकामाची झाडं म्हणून तोडायच्या यादीत गेली होती. अक्काने टोपली भरली : शेंगा, पेंडेचा तुकडा, पाल्याची डहाळी, तेलाची बाटली. एस.टी.ने बिदरला तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला एक बाई साहेब भेटल्या. अक्काने त्यांच्या टेबलावर बाटली ठेवली, बोळा काढला आणि वास खोलीभर पसरल्यावर कन्नडमध्ये म्हणाली, कागदावर नाव चुकलंय, आधी नाव लिहा, मग तोडायचं की नाही ते ठरवा. रस्ता पलीकडे सरकला. त्यात तिच्याच तुरीची पट्टी गेली, तिने हूं की चूं केलं नाही. सहा झाडं वाचली. वळणावरचं सातवं गेलं.

मी गेलो तेव्हा ती मला त्या खोडाजवळ घेऊन गेली.

"तुला तीन भाषा येतात रे मास्तर. एकीत तरी बोलायचं व्हतं."

मग घरी चहा केला आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तेराव्यानंतर परतताना मी तिची शेवटची बाटली मागून आणली. शाळेतल्या माझ्या कपाटात आहे. गेल्या आठवड्यात एक नव्या बाई रुजू झाल्या, तशी सगळे मागे लागले, सर, तो होंगेचा किस्सा सांगा. मी सांगितला. सगळे ठरलेल्या जागी हसले. मग आजवर कधीच न सांगितलेलं पुढचं सांगितलं... तिथे तिन्ही भाषा येणारा एक मास्तर उभा होता, तो नुसता हसला, आणि आता सहाच झाडं आहेत. मी कपाटातून बाटली काढली, बोळा उघडला. नव्या बाईंनी पदर नाकाला लावून विचारलं, हे कसलं तेल हो, सर?

मी तिन्ही भाषांत सांगितलं.